उल्हासखोऱ्यातील आडवाटा

महाराष्ट्रात इतिहासाची आवड पुष्कळांस आहे. परंतु ती भागविण्याची आपली रीत मोठी ठराविक आहे. सुटीचा दिवस पाहून मंडळी मोटारीत बसतात, हमरस्त्याने एखाद्या नामांकित किल्ल्याच्या पायथ्याशी जातात, वर चढून तट-बुरूज पाहतात आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परततात. मधला रस्ता हे त्यांच्या लेखी केवळ काटावयाचे अंतर असते. वस्तुतः राजे आणि फौजा, व्यापारी आणि भिक्षू ज्या वाटांनी गेले त्या वाटा हाच आपल्या देशाच्या इतिहासाचा कणा होय. आणि त्या वाटांवरून जाणाऱ्यास ज्यांनी पाणी दिले, ओसरी दिली, प्रसंगी लपावयास जागा दिली, ते लोक त्या इतिहासाचे भागीदार होत. हा विचार आमच्या मनात बरेच दिवस घोळत होता. म्हणून एका हिवाळ्यात तीन-चार रविवार राखून ठेवून आम्ही कल्याणपासून उल्हास नदीच्या आसपास, शक्य तेथे हमरस्ता सोडून, मोटारीने हिंडलो. त्या भटकंतीत जे दिसले आणि त्यावरून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उल्हास ही काही गोदा-कृष्णांच्या पंक्तीस बसणारी नदी नव्हे. बोरघाटाच्या परिसरात सह्याद्रीत उगम पावून ती कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर यांच्या बाजूने वाहत कल्याणजवळ खाडीचे रूप घेते. परंतु तिच्या खोऱ्याची रचनाच अशी आहे की, इतिहासास त्यातून गेल्यावाचून गत्यंतर नव्हते. एका टोकास कल्याणचे बंदर, दुसऱ्या टोकास देशावर चढणारे घाट, आणि मधे ही सपाट, सुपीक पट्टी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या सागरप्रवासाच्या वर्णनात कल्याणचे नाव येते. कान्हेरीच्या लेण्यांस दान देणाऱ्यांत कल्याणचे रहिवासी आढळतात. खोऱ्याच्या वरच्या अंगास, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लिपीतील एका छोट्या लेखात, कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढेच सांगितले आहे. राजाचे नाव नाही, दिग्विजय नाही. गुरूचे नाव आणि शिष्याचे नाव, की संपला लेख.

ही लेणी अशा घाटवाटांच्या तोंडाशीच का, याचा विचार केला म्हणजे आमचा मुद्दा स्पष्ट होतो. पावसाळ्यात भिक्षूंनी भ्रमण थांबवून एके ठिकाणी वर्षावास करावा असा बौद्ध संघाचा दंडक होता. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर व्यापाऱ्यांच्या तांड्यासही विसाव्याची गरज असे. भिक्षूस भिक्षा हवी, वाटसरूस आसरा हवा, आणि दोघांसही पाणी हवे. लेण्यांच्या शेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी हेच सांगतात. म्हणजे या खोऱ्यातील अगदी जुने स्मारक घेतले तरी त्याचा संबंध परक्यास थारा देण्याशी येतो. पुढील दोन हजार वर्षांचा इतिहास हे याच सूत्राचे भाष्य आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कल्याण सोडताच प्रथम लागते उल्हासनगर. इतिहासाचा शोधक येथे सहसा थांबत नाही, कारण येथे ना तट ना देऊळ; दुकाने, कारखाने आणि माणसांची दाटी. परंतु या नगराची जन्मकथा आमच्या विषयाच्या अगदी गाभ्यातील आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची मोठी छावणी होती. कल्याण कँप या नावाने ती ओळखली जाई. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या, आणि १९४७ साली देशाची फाळणी होताच सिंधमधून घरदार टाकून आलेल्या लोकांस त्याच बराकींत आणून ठेवण्यात आले. थोड्याच काळात त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. निर्वासितांच्या वसाहतीस एखाद्या पुढाऱ्याचे नाव न देता तेथून वाहणाऱ्या नदीचे नाव दिले गेले, यात आम्हांस मोठे औचित्य वाटते. सिंधूच्या काठचे लोक उल्हासेच्या काठी आले. एका नदीने गमावलेली माणसे दुसरीने पदरात घेतली.

पुढे अंबरनाथ. येथील शिवालयाची कीर्ती मोठी आहे आणि ती यथार्थ आहे. उत्तरेकडील द्वाराच्या आतील बाजूस असलेल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ दिलेला आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराज आणि त्याचा भाऊ मुम्मुणि यांच्या कारकीर्दींशी या देवळाचा संबंध जोडला जातो. लेखात मुम्मुणीचा उल्लेख ‘माम्वाणि’ असा आहे. लेखाचे वाचन करणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी आणि पंडित भगवानलाल इंद्रजी ही नावे अग्रगण्य होत. १८६८ साली मुंबई सरकारने या देवळाचे नकाशे काढण्यास आणि शिल्पांचे साचे घेण्यास कला-शाळेतील माणसे पाठविली होती, यावरून त्याचे महत्त्व त्या काळीही ओळखले गेले होते हे दिसते. काळ्या पाषाणाचा एक कण कोरल्यावाचून सोडलेला नाही अशा त्या भिंती, आणि मंडपातून पायऱ्या उतरून खाली जावे लागणारे ते गार, अंधारे गर्भगृह, यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळे. या देवळाजवळून वालधुनी नावाचा ओढा वाहतो. देऊळ बांधणाराने ही जागा निवडली ती पाण्याच्या काठी म्हणूनच असली पाहिजे. सांप्रत त्या प्रवाहाची स्थिती अशी आहे की, त्याकाठी उभे राहणाऱ्यास नाकास रुमाल लावावा लागतो. कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी त्यात येऊन मिळते. नऊशेहून अधिक पावसाळे सोसून उभी राहिलेली शिल्पे एका शतकाच्या उद्योगधंद्यांनी किती झिजतील, याचा विचार करण्याची वेळ आलेली आहे. देऊळ सरकारी संरक्षणाखाली आहे; ओढ्यास मात्र कोणी वाली दिसत नाही. स्मारक आणि त्याचे स्थान ही दोन वेगळी नसतात, एवढे जरी आपण लक्षात घेतले तरी पुष्कळ झाले.

अंबरनाथहून बदलापूर जवळच. या गावाच्या नावाची उपपत्ती तेथील लहानथोर सर्व सांगतात: शिवाजीमहाराजांच्या घोडदळाचे घोडे येथे बदलले जात, म्हणून बदलापूर. अशा व्युत्पत्त्या सांगणाऱ्यांकडे पाहून पंडित मंडळी हसतात. आम्ही हसत नाही. उलट ती तपासून पाहण्याजोगी आहे असे मानतो. ‘बदल’ हा शब्द मूळचा अरबी असून फारसीच्या द्वारे मराठीत आलेला आहे. तेव्हा ही उपपत्ती खरी असेल तर गावाचे हे नाव मुसलमानी अंमलापूर्वीचे असू शकत नाही, हे उघड आहे. शिवकाळ या मर्यादेत सहज बसतो. कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या ताब्यात १६५७ च्या ऑक्टोबरात आली, आणि त्यानंतर घाटमाथ्यावरील मुलूख व कल्याणचे बंदर यांच्यामध्ये स्वारांची व जासुदांची जा-ये वाढली असणार, यात शंका नाही. घाट उतरून आलेले घोडे दमलेले असत, आणि कल्याण अद्याप काही कोस दूर असे. घोडे बदलावयाचे तर ते याच टप्प्यावर. दंतकथेत राजाचे नाव येते ते गौण समजले तरी चालेल. तिने या रस्त्याची आठवण जपली आहे, हे तिचे खरे मोल.

परंतु घोडे बदलावयाचे म्हणजे काय, याचाही विचार केला पाहिजे. ताज्या घोड्यास दाणा हवा, दमलेल्यास वैरण हवी, स्वारास भाकरी हवी. ही सर्व तरतूद कोण करीत असे? गावच करीत असे. जुन्या कागदपत्रांत ‘वेठबिगार’ हा शब्द ज्यांनी वारंवार वाचला आहे त्यांस ठाऊक आहे की, वाटेवरील गावाकडून मिळणारे सर्वच काही प्रेमाने मिळत नसे. अंमलदाराचा डेरा पडला की, सरपण, दूध, कोंबडी, ओझ्यास माणूस, हे सारे हक्काने मागितले जाई. चिपळूणच्या छावणीतील आपल्या लष्करास शिवाजीमहाराजांनी लिहिलेले आज्ञापत्र प्रसिद्धच आहे. दाणा, गवत, सरपण जे लागेल ते बाजारातून विकत घ्या, रयतेस कोणत्याही प्रकारे तसदी लागू देऊ नका, असे त्याचे तात्पर्य. असे पत्र लिहावे लागते यावरूनच एरवी काय घडत असे याची कल्पना येते. आणि त्या पत्राची थोरवी हीच की, आतिथ्य आणि लूट यांमधील रेषा एका राजाने स्वतःच्याच सैन्यापुढे ओढून दाखविली.

ही वेठ शिवकाळाबरोबर संपली असे मात्र नाही. याच ठाणे जिल्ह्यात जमीनदारांच्या शेतावर वारली आणि इतर आदिवासी विसाव्या शतकातही फुकट राबत होते. कल्याणशेजारच्या टिटवाळ्यास १९४५ च्या जानेवारीत किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यानंतर उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी वेठ नाकारण्याचा लढा उभारला, आणि गोदावरी परुळेकर यांनी तो ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला. हा इतिहास आम्ही येथे मुद्दाम आठवतो. शहरातील मंडळी खेड्यातील आतिथ्याची स्तुती करू लागली की, यजमानाच्या दारिद्र्यावर तिचा एक गोड पडदा पडतो. ज्याच्याकडून शतकानुशतके हिसकावून घेतले गेले तो आपण होऊन देतो, यातील आश्चर्य ज्यास उमगले नाही त्याने त्या भाकरीची चव घेतली असे म्हणता येणार नाही.

बदलापूर आता खेडे राहिलेले नाही. १८५६ साली आगगाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचली, १८६३ साली तिने बोरघाट चढला, आणि घोडे बदलण्याचा टप्पा निरुपयोगी झाला. पण त्याच आगगाडीने पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी मुंबईचा चाकरमानी येथे आणून सोडला. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली होती. पश्चिमेकडील हेंद्रेपाडा हे या स्थित्यंतराचे चांगले उदाहरण आहे. ‘पाडा’ म्हणजे मूळ गावापासून थोडी दूर, शेताच्या कडेने वसलेली पाच-पंचवीस घरांची वस्ती. ठाणे जिल्ह्यात असे पाडे असंख्य. आज हेंद्रेपाड्यात उंच इमारती आहेत, औषधांची दुकाने आहेत, रिक्षांची रांग आहे. आणि ‘पाडा’ हा शब्द पत्त्यापुरता उरला आहे.

पाड्यांची नावे हा इतिहासाचा दुर्लक्षित ठेवा आहे असे आमचे मत आहे, आणि त्यास आधारही आहे. याच जिल्ह्यात लोनाडनजीक चौधरपाडा नावाचे स्थान आहे. शके ११६१ चा शिलाहार केशिदेवाचा शिलालेख तेथला; अभ्यासक त्यास चौधरपाड्याचा शिलालेख याच नावाने ओळखतात. राजधान्यांची नावे पुसली गेली, पण एका पाड्याचे नाव एका राजाच्या दानलेखास कायमचे चिकटले. उद्या त्या पाड्याचे नाव बदलून कोणी एखादे झगमगीत इंग्रजी नाव ठेवले, तर लेख राहील पण त्याचा पत्ता हरवेल. हेंद्रेपाड्यासारख्या ठिकाणी हे भय कल्पनेतील नाही. नव्या संकुलांची नावे वाचीत गेल्यास आपण कोणत्या देशात आहो याचाच उलगडा होऊ नये, अशी परिस्थिती आहे.

तथापि माणसे नावांइतक्या लवकर बदलत नाहीत. इमारतींच्या मधोमध एक कौलारू घर अद्याप उभे होते. पुढे शेणाने सारवलेले अंगण, तुळस, आणि ओट्यावर सूप घेऊन बसलेली एक वृद्ध बाई. नदीकडे जाणारी जुनी वाट कोणती, एवढेच आम्ही विचारले. “वाट सांगते, पन उन्हाचं आलात, आधी पानी घ्या,” असे म्हणून त्यांनी तांब्या-भांडे पुढे केले. मग प्रश्न सुरू झाले: कोठून आलात, कोठे चाललात, जेवण झाले का. शहरात हे तीन प्रश्न विचारणे असभ्यपणाचे समजतात. परंतु हे प्रश्न फार जुने आहेत. ज्या काळी वर्तमानपत्रे नव्हती त्या काळी पहिल्या प्रश्नाने दूरची बातमी कळे, दुसऱ्याने माणूस चोर की साव याचा अंदाज येई, आणि तिसऱ्याने यजमानाचे कर्तव्य ठरे. वाटेवरच्या गावाचे सगळे राज्यशास्त्र त्या तीन प्रश्नांत सामावले होते. आजींनी पुढे सांगितले की, त्यांच्या लहानपणी नदीकाठापर्यंत सारी भातशेती होती, आणि जांभळीची झाडे इतकी की जून महिन्यात पोरांच्या जिभा आठवडाभर जांभळ्या राहत. बदलापूरच्या जांभळाची ख्याती आजही आहे. झाडे मात्र इमारतींस जागा करून देत चालली आहेत.

हेंद्रेपाडा मागे टाकून, नदी ओलांडून आम्ही बारवी धरणाच्या रस्त्यास लागलो. वाटेत मुळगावचे खंडोबाचे ठाणे आहे. टेकडीवरील त्या देवळापर्यंत पायऱ्यांनी चढून गेल्यास खोऱ्याचा देखावा मोठा रमणीय दिसतो. जेजुरीचा हा देव कोकणातील टेकडीवर कसा आला, याचे उत्तरही पुन्हा वाटेतच आहे. देशावरून खाली उतरणारी माणसे आपले देव बरोबर आणीत. मीठ आणि मासळी वर चढे, धान्य खाली उतरे, आणि बैलांच्या तांड्यांबरोबर देव, गाणी, नवस हेही चढत-उतरत.

पुढे जंगल सुरू होते, आणि त्यात ठाकर-कातकऱ्यांच्या वस्त्या. अशाच एका पाड्यावर आम्हांस दुपार झाली. पाड्याच्या वेशीवर एका सादड्याखाली शेंदूर फासलेला दगड होता. हा कोण देव, असे विचारता एका म्हाताऱ्याने सांगितले, “हा वाघदेव. वाटेचा राखणदार.” पूर्वी हीच वाट मुरबाडकडे जाई, आणि रात्री-अपरात्री जाणारा माणूस येथे हात जोडून पुढे पाऊल टाकी. त्या दगडावर लेख नाही, शक नाही. पुराणवस्तूंच्या कोणत्याही यादीत तो जाणार नाही. पण वाट कोठून जात होती हे दाखविणारा तो खुणेचा दगड आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेवढे पुष्कळ आहे.

त्या घरी आम्हांस नाचणीची भाकरी, वालाची उसळ आणि मिरचीचा ठेचा मिळाला. मागाहून गुळाचा कोरा चहा. निघताना आम्ही पैसे पुढे केले. घरधनी रागावला नाही, पण त्याने हातही पुढे केला नाही. “हाटेल नाय आपलं,” एवढेच म्हणाला. आम्ही मुलांस वह्या-पेन्सिली देऊ केल्या, त्या मात्र घेतल्या गेल्या; आणि मोटारीपर्यंत पोचवावयास आलेल्या त्याच्या बायकोने वालाच्या शेंगांचा वानवळा आमच्या हाती ठेवला. हिशेब पुन्हा आमच्याच अंगावर राहिला. घेणाऱ्यास थोडे ऋणी ठेवूनच पाठवावयाचे, म्हणजे त्याचे येणे-जाणे राहते, असा या रीतीचा अर्थ आम्हांस वाटतो. रोखीच्या व्यवहारात संबंध तेथल्या तेथे मिटतो. वानवळ्याने तो चालू राहतो.

बारवी धरणाचा जलाशय पाहून डोळे निवतात. औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यातील या धरणाचे पाणी ठाणे जिल्ह्यातील शहरांस आणि कारखान्यांस जाते. शहरातील आम्हां लोकांची तोटी फिरली की पाणी येते. पण ते ज्यांच्या शिवारावरून येते त्यांची आठवण कितीजणांस असते? धरणाची उंची वाढविण्यात आली तेव्हा येथील काही वस्त्या पाण्याखाली जाऊन लोकांस उठावे लागले. वाटसरूस भांडेभर पाणी देणारा माणूस आणि लक्षावधी लोकांस पाणी देण्यासाठी घर सोडणारा माणूस एकाच मुलखातला आहे. पहिल्या दानाबद्दल आपण निदान आभार तरी मानतो.

बारवीचा रस्ता पुढे मुरबाडास मिळतो, आणि मुरबाडच्या आग्नेयेस सह्याद्रीच्या भिंतीला लागून सिद्धगड उभा आहे. या गडाचे नाव २ जानेवारी १९४३ या दिवसाशी जोडले गेले आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे वकील, जातीने नाभिक, माथेरानच्या नगरपालिकेत त्यांनी काम केले होते. शेतकऱ्यांस सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठाराची योजना केली, आणि शिक्षणप्रसारासाठी शाळा काढल्या. १९४२ चे आंदोलन पेटल्यावर त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईस वीज पुरविणाऱ्या तारांचे मनोरे पाडून सरकारचा युद्धोद्योग अडवावा, असा या दस्त्याचा बेत होता, आणि त्याप्रमाणे अनेक मनोरे पाडण्यातही आले. अखेर सिद्धगडाच्या रानात पहाटे पोलिसांनी दस्त्यास गाठले. भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे दोघे तेथे हुतात्मे झाले. दरवर्षी २ जानेवारीस लोक सिद्धगडी जमतात. नेरळासही या दोघांचे स्मारक आहे.

हा इतिहास पुस्तकांत आहे. परंतु पुस्तकात सहसा न येणारी बाजू अशी की, सरकारचे पोलीस मागावर असताना माणसांचा एक जथा महिनेच्या महिने डोंगरात राहतो तो केवळ धैर्यावर राहत नाही. त्यास कोणीतरी भाकरी पोचविते, कोणीतरी पोलीस आल्याची वर्दी देते, कोणीतरी चुकीची वाट दाखवून पाठलाग करणाऱ्यास दुसरीकडे नेते. हे सारे करणारे लोक याच पाड्यांतले. त्यांस तुरुंगाचे भय होते, माराचे भय होते; आणि आपली नावे कोणत्याही स्तंभावर कोरली जाणार नाहीत हेही त्यांस ठाऊक असावे. आतिथ्य हा शब्द आपण चहापाण्यापुरता वापरतो. १९४२ साली या डोंगरात त्याचा अर्थ फार मोठा झाला होता.

परतीस आम्ही कर्जतच्या बाजूने लोहमार्गालगतचा रस्ता धरला. वांगणी आणि बदलापूर यांच्या दरम्यान चामटोली गाव आहे. २०१९ च्या जुलैची २६ तारीख. त्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस या परिसरात उल्हासेच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी. चहूंकडे पाणी, काळोख, डब्यांच्या पायऱ्यांपर्यंत चढलेला पूर. दुसऱ्या दिवशी आपत्ती-निवारण दलाच्या होड्या आल्या, नौदलाची माणसे आली, आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले. या सरकारी कामगिरीची योग्य ती प्रशंसा झाली. तितकीच प्रशंसा आसपासच्या गावकऱ्यांची झाली पाहिजे. त्यांच्याही दारांशी पूर होता; तरी ते मदतीस धावले, आणि भिजलेल्या, भुकेल्या प्रवाशांस चहा, बिस्किटे, पाणी मिळाले. ज्या वाटेवर एके काळी घोडे बदलले जात, त्याच वाटेवर आगगाडी अडली, तेव्हा जुन्या टप्प्याचा धर्म जणू पुन्हा जागा झाला.

कोंडाण्याचा भिक्षू, शिवकाळचा स्वार, सिंधमधला निर्वासित, १९४२ चा भूमिगत, २०१९ चा प्रवासी, हे सर्व या खोऱ्याच्या दारी आलेले परकेच होत. त्यांपैकी काहींस थारा प्रेमाने मिळाला, काहींनी तो जबरीने घेतला, काहींस तो सरकारने दिला. हे भेद विसरून चालणार नाही. पण देणारा बहुधा एकच राहिला, आणि त्याच्याविषयी लिहिलेले सर्वांत थोडे आहे. आमच्या महाविद्यालयांतून इतिहासाची साधने म्हणून शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दफ्तरे शिकविली जातात, ती शिकविलीच पाहिजेत. परंतु वाटेवरील घराची ओसरी हेही एक साधन आहे, आणि ते झपाट्याने नाहीसे होत आहे. दफ्तरातील कागदास वाळवी लागली तरी तो पन्नास वर्षे टिकेल. ओट्यावरच्या आजीस तेवढा अवधी नाही.

म्हणून वाचकांस, विशेषतः त्यांच्या घरातील तरुण मंडळीस, आमची काही व्यवहार्य विनंती आहे. सुटीच्या दिवशी मोटार काढावयाची तर एखादा रविवार आडवाटेस द्या. पाड्यांची, ओढ्यांची, शेतांची जुनी नावे विचारून लिहून ठेवा; कोणता देव कोणत्या वाटेवर आहे ते टिपून ठेवा. कोरीव दगड दिसला तर त्याचे छायाचित्र घ्या, दगड मात्र तेथेच राहू द्या. ज्याच्या घरी पाणी प्यालात त्याच्या अंगणात कागद व बाटल्या टाकून येऊ नका. दिले जाईल ते घ्या, मागू नका. आणि जे घेतलेत त्याची फेड पैशाने होत नसेल तर दुसऱ्या खेपेस येताना मुलांसाठी पुस्तके, आजाऱ्यासाठी औषध, असे काही घेऊन जा. सरकारदरबारी त्यांचे काही काम अडले असेल तर त्यांच्या वतीने अर्ज लिहून देणे हीही परतफेडच होय. शिकलेल्या माणसाच्या हाती तेवढे तरी असते. आणि ज्या बारवीचे पाणी आपण पितो, तिच्या काठच्या विस्थापितांचा प्रश्न वर्तमानपत्रात दिसला, तर ते पान उलटून पुढे जाऊ नका.

शिलाहारांनी देवळे बांधली तेव्हा दान देणाऱ्याची नावे दगडावर कोरविली, म्हणून नऊशे वर्षांनी आपण ती वाचू शकतो. भाकरी देणाऱ्याची नावे कोरण्याचा प्रघात आपल्या देशात नव्हता. ही उणीव आता दगडाने भरून निघणार नाही. ती भरावयाची तर ऐकणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनीच भरली पाहिजे, आणि त्यासाठी हेंद्रेपाड्यासारख्या ठिकाणी फार थोडा अवकाश शिल्लक आहे.